मिटलेल्या डोळ्यांचे चेहरे

चित्रांतला माणूस ओळखूं येत नसेल, तर त्या चित्राला मुखचित्र म्हणावें तरी कसें? आलेक्सेय् याव्लेन्स्की या रशियन चित्रकाराच्या अखेरच्या चित्रांपुढें हा प्रश्न हटकून उभा राहतो. तळहाताहून थोडा मोठा कागद. त्यावर एक उभा जाड फराटा तें नाक, दोन आडवे काळे पट्टे ते मिटलेले डोळे, खालीं आणखी एक पट्टा तें तोंड. चेहरा कोणाचा, तें सांगतां येत नाहीं. पण तो व्यथित आहे कीं शांत, हें पाहणाराला तत्काळ उमगतें.

याव्लेन्स्कीचा जन्म १८६४ चा. प्रथम तो झारच्या सैन्यांत अधिकारी होता. त्याचें शिक्षण रेपिनसारख्या हुबेहूब चित्रें काढणाऱ्या गुरूपाशीं झालें. १८९६ मध्यें नोकरी सोडून तो म्यूनिकला गेला. तेथें व्हान गॉग आणि मातीस यांच्या रंगांचा त्याच्यावर पगडा बसला, आणि हिरव्या गालांचे, टक्क डोळ्यांचे चेहरे तो रंगवूं लागला.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. रशियन म्हणून त्याला जर्मनी सोडावी लागली. स्वित्झर्लंडांत सरोवरकांठच्या सें-प्रे गांवीं खिडकींतून दिसणारी तीच वाट, तींच झाडें तो पुनःपुन्हा रंगवीत बसे. हळूहळू देखावा गळाला; रंगांचे ठिपके तेवढे उरले. हाच प्रयोग १९१७ पासून त्यानें मानवी मुखावर केला, आणि लौकरच त्या मुखांचे डोळे मिटले.

संधिवातानें हात आखडले म्हणून चेहरा सोपा झाला, असें पुष्कळदां म्हटलें जातें. तें अर्धेंच खरें. दुखणें आलें १९२९ च्या सुमारास. डोळे तर त्याच्या दहा वर्षें आधींच मिटले होते. दुखण्यानें बारीक रेघ तेवढी हिरावून नेली. मग दोन्ही हातांनीं कुंचला धरून तो सबंध दंडाच्या जोरानें फराटे ओढूं लागला. त्या ओढींतली वेदना रंगांत स्पष्ट दिसते. (नाकडोळ्यांचा जो क्रूस या चित्रांत बनतो, त्याचें मूळ पौर्वात्य ख्रिस्ती देवळांतल्या मूर्तिचित्रांत आहे. बालपणचा तो संस्कार त्याला शेवटपर्यंत सुटला नाहीं.)

१९३३ मध्यें नाझी राजवटीनें त्याच्या प्रदर्शनांस बंदी केली. १९३७ मध्यें जर्मन संग्रहालयांतून त्याचीं ७२ चित्रें जप्त झालीं. पाहणारा कोणी उरला नसतां, १९३४ ते १९३७ या अवधींत वीसबाडेन येथील घरीं त्यानें असे चेहरे शेकडोंनीं रंगविले. त्यांना तो ‘चिंतनें’ म्हणे. उत्तरोत्तर त्यांतले रंग काळवंडत गेले, आणि त्या काळोखाच्या फटींतून तांबडा, निळा उजेड दिसूं लागला. १९३७ अखेर हातांनीं कुंचला धरवेना. १५ मार्च १९४१ रोजीं वीसबाडेन येथेंच तो वारला.