समाजकार्य शिक्षण आणि राळेगणसिद्धी

समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण भारतात मुंबईत सुरू झाले, ते 1936 साली. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेली ती संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. व्यक्तिसहाय्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या तिथल्या विषयांना क्षेत्रकार्याची जोड असते. खरी कसोटी तिथेच.

समुदाय संघटन समजून घ्यायला पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीसारखे दुसरे गाव शोधावे लागेल. सैन्यातून निवृत्त झालेले अण्णा हजारे 1975 मध्ये या अवर्षणग्रस्त गावी परतले. सुरुवात यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने झाली. आधी विश्वास, मग योजना हा क्रम विद्यार्थ्यांनी टिपावा असाच. पाठोपाठ गळक्या पाझर तलावाची दुरुस्ती, माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर आणि नालाबांध झाले. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान ही पंचसूत्री ठरली. पाणी वाढले तरी उसाला मात्र मज्जाव.

अडचणीचा धडाही इथेच आहे. दारुड्यांना खांबाला बांधून चोपल्याच्या घटना सर्वज्ञात आहेत. व्यक्तीचा स्वयंनिर्णय हे तर समाजकार्याचे मूलतत्त्व! त्यामुळे गावाच्या भल्यासाठी धाक किती चालवावा, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.