निवडून दिलेल्यास परत बोलावणे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात असा आपल्या अध्यक्षाबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हातात पोळपाट-लाटणे. तेव्हा चुकल्यामाकल्याची क्षमा असावी. विषय मात्र मीच निवडला आहे. सरपंचास खाली उतरविण्याचा तो विषय, आणि तो आपल्या गावात सर्वांच्या तोंडी होता.

ही गोष्ट नवी नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स नगरात लोक फुटक्या मडक्याच्या खापरीवर नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव कोरून टाकीत. 6000 खापऱ्या जमल्या की ज्याचे नाव जास्त, त्याने 10 वर्षे नगर सोडायचे. अरिस्टायडीस नावाच्या सज्जन पुढाऱ्याची अशीच पाठवणी झाली. त्याची कथा सांगतात, की एका निरक्षर खेडुताने न ओळखता त्याच्याच हाती खापरी देऊन त्याचेच नाव लिहायला सांगितले, आणि त्याने ते लिहून दिले! कारण विचारले तर खेडूत म्हणाला, सगळे त्याला न्यायी न्यायी म्हणतात, ते ऐकून कंटाळा आला. असली कारणे आपल्या पारावरही ऐकू येतात.

आपल्याकडे 1974 साली जयप्रकाश नारायण यांनी प्रतिनिधीस परत बोलावण्याचा हक्क मागितला. 2011 साली राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी तीच मागणी पुन्हा केली. आमदार-खासदारांच्या बाबतीत तो हक्क अजून मिळालेला नाही. छत्तीसगडात मात्र 2008 साली मतदारांनी काही नगराध्यक्षांना मते देऊन घरी पाठविले.

आपला मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो आणि मागाहून 1958 चा ग्रामपंचायतीचा कायदा लागू झाला. त्या वेळी आपले हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. पंचांनीच आपल्यातून सरपंच निवडायचा आणि बिनसले तर अविश्वासाचा ठराव आणायचा, अशी रीत. बायकांना राखीव जागा मिळाल्या, 2011 पासून तर निम्म्या. पण खुर्चीवर बसलेली बाई किती जणांच्या डोळ्यांत खुपते! जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना सरकारी जागेवर राहतात या तक्रारीवरून अपात्र ठरविले होते. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 2024 साली त्यांचे पद परत मिळाले. बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचले नाही, असे न्यायालयानेच म्हटले.

2017 साली सरपंच थेट लोकांनी निवडण्याचा कायदा झाला. मध्ये 2020 साली तो मोडला, 2022 साली पुन्हा आला. त्यात एक चांगली गोष्ट आहे. निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे ठराव आणता येत नाही. मग तीन चतुर्थांश पंचांनी ठराव केला तरी काम संपत नाही. खास ग्रामसभा भरवून गुप्त मतदान घ्यावे लागते, आणि गावाने होय म्हटले तरच सरपंच जातो.

आपल्या गावी हेच घडले. सरपंचबाईंनी नळाची लाइन आधी खालच्या आळीला दिली, वरच्या आळीला उन्हाळाभर थांबावे लागले. हिशेबात घोळ आहे असेही उठले. कागद कोणी दाखविला नाही. आमचे घर वरच्या आळीचे. मीही दोन महिने कयाधूच्या काठावरून हंडे वाहिले, तेव्हा राग मलाही होता, तो का लपवू? पण खालच्या आळीच्या बाया त्याआधी किती वर्षे तसेच हंडे वाहत होत्या, हे मी रोज पाहिलेले.

ग्रामसभेच्या आदल्या रात्री घरात ठरले, सर्वांनी सरपंचबाईंच्या विरुद्ध मत द्यायचे. सासूबाईंनी दोनदा बजावले. मी मान हलविली. सकाळी रांगेत उभी राहिले, चिठ्ठी हातात आली, आडोशाला गेले. तिथे नवरा नाही, दीर नाही, सासूबाई नाहीत. एवढी मोकळी जागा मला घरातही कधी मिळाली नव्हती. मी बाईंच्या बाजूने शिक्का मारला.

थोड्या मतांनी सरपंचबाई राहिल्या. त्या दिवशी घरी सगळे एकमेकांकडे संशयाने पाहत होते, आणि मी मुकाट्याने भाकरी थापीत होते. आता ही स्मरणिका घरोघर जाईल, आमच्याही घरी येईल.