देवाची शस्त्रसामग्री
नव्या करारातील इफिसकरांस पत्रात (6:10–18) दुष्टाईच्या प्रतिकारासाठी योजलेले रूपक. परंपरेने हे पत्र बंदिवासातील पौलाचे मानले जाते; अनेक आधुनिक अभ्यासकांच्या मते ते त्याच्या अनुयायाचे आहे. रूपकाचे मूळ यशयात (59:17) आहे. तिथे नीतिमत्त्वाचे उरस्त्राण आणि तारणाचे शिरस्त्राण खुद्द देव धारण करतो. इथे ती साधी माणसे अंगावर चढवतात. सत्याचा कमरबंद, शांतीच्या सुवार्तेची पादत्राणे, विश्वासाची ढाल आणि देववचनाची तलवार ही उरलेली सामग्री. ढाल म्हणजे रोमी सैनिकाची चामडे मढवलेली उंच लाकडी ढाल. जळते बाण तिच्यावर विझावेत, अशी कल्पना.

या रूपकाने हिंसेला बळ मिळते, हा आक्षेप गंभीर आहे, कारण इतिहासात त्याचा तसा वापर झाला आहे. मूळ मजकूर मात्र झगडा रक्तमांसाच्या माणसांशी नाही असे स्पष्ट बजावतो (6:12). सैतानावर खापर फोडून माणूस जबाबदारी टाळतो, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर चौथ्या अध्यायात मिळते. खोटे सोडावे, सूर्यास्तापूर्वी राग सोडावा, चोरी करणाऱ्याने आता हाताने कष्ट करून गरजवंताला द्यावे, असे तिथे सांगितले आहे. सैतानाला वाव न देण्याची सूचना याच आज्ञांच्या मधोमध येते (4:27). म्हणजे प्रतिकाराचे ठिकाण घर, बाजार आणि जिभेवरचा शब्द हेच आहे. इरॅस्मसने 1503 मधील ‘ख्रिस्ती सैनिकाची हस्तपुस्तिका’ या ग्रंथात हे रूपक सामान्य गृहस्थांसाठी विस्तारले. (पहा : इरॅस्मस, पौल, संत, यशया.)