१८५३ ची एनफिल्ड रायफल थ्रीडी प्रिंटरवर: न चालणारं मॉडेल कसं बनवलं

भाचीच्या शाळेत १८५७ च्या उठावावर प्रदर्शन होतं. काडतुसांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण ती काडतुसं ज्या बंदुकीची, ती बहुतेकांनी पाहिलेली नसते. म्हणून मी 'पॅटर्न १८५३ एनफिल्ड'चं मॉडेल प्रिंट करायचं ठरवलं.

आधीच सांगतो, हे फक्त दिसायला आहे. नळी भरीव, चाप आणि घोडा जागच्या जागी चिकटवलेले. परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे, तेव्हा नळी पोकळ ठेवायचा मोह नको.

खऱ्या रायफलची लांबी ५५ इंच, म्हणजे साधारण १४० सेंमी. माझ्या प्रिंटरचा बेड २२ सेंमीचा. म्हणून सात तुकडे केले आणि आतून लाकडी दांडा घालून जोडले. पण त्याआधी गंमत झाली. फाइल स्लायसरमध्ये उघडली तर अख्खी रायफल काडेपेटीएवढी! एसटीएल फाइलमध्ये एकक साठवलेलंच नसतं. मी इंचात डिझाइन केलं, स्लायसरने मिलिमीटर धरले. स्केल २५४० टक्के केल्यावर माप जुळलं.

दुसरी चूक महागात पडली. नळीचे दोन तुकडे रंग वाळायला बंद कारमध्ये ठेवले. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. दोन्ही केळ्यासारखे वाकले, पुन्हा प्रिंट करावे लागले.

आतल्या खाचा मॉडेलमध्ये दाखवता येईनात, म्हणून त्या पुठ्ठ्यावर काढल्या. खऱ्या नळीत तीन खाचा असतात आणि त्या ७८ इंचांत एक पूर्ण वळसा घेतात. नळी ३९ इंचांची, म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळी बरोबर अर्धा वळसा फिरते. या फिरण्यामुळेच ती हवेत सरळ जाते. गोळी नळीच्या तोंडातून भरायची. त्याआधी कागदी काडतूस दाताने फाडायचं, आणि त्याला लावलेल्या चरबीवरूनच तो भडका उडाला.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटला तो या रायफलचा लाकडी दस्ता. आधी असे दस्ते कारागीर हाताने कोरायचे, एकाचा भाग दुसऱ्याला बसेलच याची खात्री नसायची. १८५० च्या दशकात एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने अमेरिकेहून यंत्रं आणली. त्यात नमुन्यावरून लाकूड कोरणारं लेथ होतं: एक चाक नमुन्यावरून फिरतं, दुसरीकडे पातं तोच आकार लाकडात काढतं. फाइलच्या जागी खराखुरा दस्ता, बाकी कल्पना आपल्या सीएनसीचीच!

प्रदर्शनाला नेताना तोंडाशी नारिंगी पट्टा रंगवला, शाळेला आधी फोन केला आणि मॉडेल गोधडीत गुंडाळलं. तरी रिक्षावाल्या काकांनी विचारलंच, "काय हो, काय आहे त्यात?"