खेळण्यातील आगगाडी आणि हरवलेले खेडे

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील मुले अंगणात किल्ला करू लागतात. दगडविटांचा ढीग रचावयाचा, त्यावर जुने पोते भिजवून पसरावयाचे, वरून चिखल लिंपावयाचा आणि हळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत डोंगर हिरवा करावयाचा, हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. परंतु तेवढ्याने किल्ला पुरा झाला असे कोणतेही मूल म्हणत नाही. बुरुजावर मावळे उभे राहिले, पायथ्याशी गवळण आली, विहिरीवर बाई पाणी शेंदू लागली, म्हणजे मग तो किल्ला होतो. तोवर तो मातीचा ढीगच असतो. मावळा दरवाज्याहून उंच झाला तरी त्याची खंत त्या वयात कोणी करीत नाही.

अंगणातील मुलांस जे न शिकविता कळते, ते युरोपातील एका छंदास कळावयास जवळजवळ अर्धे शतक लागले. तो छंद म्हणजे आगगाडीची लहान प्रतिकृती करून ती रुळांवर चालविण्याचा. प्रथम गाडी आली. तिच्या भोवतालचा मुलूख फार उशिरा आला. आणि तो जेव्हा आला, तेव्हा खेळण्याचे रूपांतर एका अगदी वेगळ्या वस्तूत झाले. त्या रूपांतराची कथा ऐकण्यासारखी आहे.

१८९१ साली जर्मनीतील गोपिंगन गावच्या मेर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात ठरावीक रुंदीचे, एकमेकांस जोडता येणारे रूळ मांडले. दर वाढदिवसास मुलाला एखादा डबा, एखादा सांधा, एखादे स्थानक घेऊन देता येईल व खेळ वाढत जाईल, ही त्यामागील व्यापारी दृष्टी होती. इंग्लंडात १८९९ साली नॉर्थॅम्प्टन येथे बॅसेट-लोक यांनी अशा गाड्यांचा व्यवसाय आरंभिला. १९२० साली फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्यातून किल्लीवर चालणाऱ्या गाड्या बाहेर पडू लागल्या. गाड्या उत्तरोत्तर लहान होत गेल्या. १९३८ साली हॉर्नबीच्या कारखान्याने ‘हॉर्नबी डब्लो’ नावाची जी गाडी काढली, तिच्या रुळांमधील अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर होते. जी गाडी पूर्वी दिवाणखान्याची सारी जमीन अडवीत असे, ती आता जेवणाच्या टेबलावर मावू लागली.

या सर्व काळात कारागिरांची दृष्टी इंजिनावर खिळलेली होती. चाके किती, डब्याचा रंग हुबेहूब आहे की नाही, यांवर मासिकांतून वाद झडत. इंग्लंडातील या लहान गाड्यांचे प्रमाण फुटास चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे शहात्तरास एक, असे ठरले. या हिशेबाने साडेपाच फूट उंचीचा मनुष्य २२ मिलिमीटरचा होतो. परंतु खऱ्या लोहमार्गाची रुंदी चार फूट साडेआठ इंच असते, आणि साडेसोळा मिलिमीटरचा रूळ या प्रमाणात फक्त चार फूट दीड इंच भरतो. इंग्रजी इंजिने अंगाने बारीक. त्यांच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना, म्हणून अंग थोडे मोठे केले आणि रूळ मात्र होते तेवढेच ठेवले, असा हा घोटाळा झाला. या सात इंचांच्या उणिवेवरून रसिकांनी वर्षानुवर्षे भांडणे केली. गंमत अशी की, ज्या टेबलावर ही गाडी धावत होती, त्या टेबलावर एक गवताची काडीही नाही, याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

ते प्रथम ज्यांनी परिणामकारकपणे दाखवून दिले, त्यांत जॉन अहर्न यांचे नाव अग्रभागी येते. हे गृहस्थ विम्याच्या व्यवसायात होते. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या घरी ‘मॅडर व्हॅली रेल्वे’ नावाची एक काल्पनिक रेल्वे मांडण्यास आरंभ केला आणि तिची हकीकत ‘मॉडेल रेल्वे न्यूज’ मासिकातून लिहिली. इतरांच्या मांडणीत राजधानीचे भव्य स्थानक आणि लांबलचक एक्सप्रेस गाडी असे. अहर्न यांच्या मांडणीत एक लहानसे बंदर, एक खोरे, काही खेडी आणि त्यांतून रमतगमत जाणारी एक दुय्यम रेल्वे होती. वाचकांना नवल वाटले ते गाडीचे नव्हे, तर गावाचे. वाकडी गल्ली, भिंतीवरील ओल, पाण्याच्या काठची जुनी घरे यांमुळे ही गाडी कोठून तरी येते व कोणाला तरी घेऊन कोठे तरी जाते, असा भास होऊ लागला. गाडीला प्रयोजन मिळाले. पुढे १९५१ साली अहर्न यांनी अशा लघु-निसर्गाच्या रचनेवर एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले.

या रचनेची साधने पाहिली तर ती अगदी घरगुती आहेत. जाळीवर प्लॅस्टर थापून टेकड्या करावयाच्या. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून त्याचे गवत करावयाचे. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे कापून कुंपणाची झुडपे करावयाची. कौशल्य साहित्यात नसून पाहण्यात आहे. दूरची टेकडी जवळच्या टेकडीपेक्षा फिकट व निळसर दिसते. उन्हापावसातील कोणतीही वस्तू चकचकीत राहत नाही. इंजिनाच्या धुराने पुलाची कमान आतून काळवंडते. हे ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिले, त्याचाच भुसा गवत होतो.

माणसांच्या आकृतींबाबत तर आणखी एक अडचण आहे. गाडी चालते, माणूस चालत नाही. धावता धावता पाय उचललेली आकृती फलाटावर ठेवली, तर पहिल्या क्षणी मौज वाटते. पण गाडी दहा वेळा येऊन गेली तरी तो पाय हवेतच, हे पाहून सारा भास नाहीसा होतो. म्हणून जाणते कारागीर स्वभावतःच स्थिर असलेली माणसे निवडतात: सामानाच्या पेटीवर बसलेली म्हातारी, खांबाला टेकून उभा असलेला हमाल, दारात दोघी बोलत उभ्या असलेल्या शेजारणी. अशी माणसे वाट पाहत असतात. आणि वाट पाहणाऱ्या माणसाइतके रेल्वेस शोभणारे दुसरे काय आहे? १९४९ साली जर्मनीत प्रायझर यांनी अशा आकृतींचाच कारखाना काढला. हँबुर्ग येथे २००१ साली उघडलेल्या ‘मिनिएचर वुंडरलांड’ या प्रदर्शनात तर अडीच लाखांहून अधिक लहानगी माणसे नांदत आहेत.

अमेरिकेत हाच विचार जॉन ॲलन यांनी पराकोटीस नेला. ते छायाचित्रकार होते. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे आपल्या घराच्या तळघरात त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगरदऱ्या उभारल्या, आरसे बसवून त्या दुप्पट खोल भासविल्या, आणि डबे, पूल, घरे यांवर गंज, काजळी व झीज रंगविली. प्रकाश कोठून पडावा हे त्यांना व्यवसायामुळेच ठाऊक होते. १९७३ च्या जानेवारीत त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा सुमारे दोन दशकांचे ते काम पुरे होत आले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या घरास आग लागली आणि ते सारे डोंगर, पूल व गावे जळून गेली. आज त्यांची कीर्ती उरली आहे ती त्यांनीच काढलेल्या छायाचित्रांमुळे.

जळून गेलेल्या या देखाव्याच्या जोडीला एका जपलेल्या देखाव्याची कथा सांगितली पाहिजे. १९०६ साली ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या एका तरुणाचे आडनावच इंग्लंड असे होते. रॉय इंग्लंड १९२५ साली आपल्या नावाच्या देशात आले ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ओढीने. स्विंडन येथे या रेल्वेचे मोठे कारखाने होते. त्या शहराच्या पूर्वेस ‘पांढऱ्या घोड्याचे खोरे’ पसरले आहे. तेथील उफिंग्टनच्या टेकडीवर खडूच्या पांढऱ्या दगडात काढलेली सुमारे ११० मीटर लांबीची एक अतिप्राचीन अश्वाकृती आहे, तीवरून हे नाव पडले. या खोऱ्यातील गवती छपरांची जुनी घरे पाहून या तरुणाचे मन वेधले गेले. परंतु त्याच्या देखतच ती घरे बदलू लागली. गवत उतरवावयाचे आणि तेथे कारखान्यातील पत्रे किंवा ठोकळेबाज कौले घालावयाची, असे घरामागून घर चालले होते.

घरे विकत घेऊन राखावीत एवढे द्रव्य त्यांच्यापाशी नव्हते; कायदा हाती नव्हता. हाती होती ती मोजपट्टी. त्यांनी घरे मोजली, त्यांच्या विटांचे रंग टिपून घेतले आणि फुटास चार मिलिमीटर या प्रमाणात ती पुठ्ठ्याची घडविण्यास आरंभ केला. पुठ्ठ्यावर एकेक वीट कोरावयाची व ती जलरंगाने निराळी रंगवावयाची, कारण भिंतीतील कोणत्याही दोन विटा एका रंगाच्या नसतात. छपरासाठी नळाच्या सांध्यात भरावयाचे अंबाडीसारखे तंतू वापरावयाचे. परसातील कोबी आणि दाराशी फुललेली फुलझाडे कागदाची. एका घरास शेकडो तास लागत. लाँग विटनम या गावी ते प्रवासी तरुणांसाठी एक वसतिगृह चालवीत. तेथेच १९५४ साली ‘पेंडन’ संग्रहालय उभे राहिले. स्वयंसेवक मिळाले, आणि ‘पेंडन पार्वा’ नावाचे खेडे आकारास येऊ लागले. हे खेडे नकाशावर कोठेही नाही. परंतु त्यातील घरे त्या खोऱ्यातील खऱ्या घरांच्या मापाने बांधलेली आहेत, आणि काळ ठरलेला आहे: १९२० ते १९४० या दोन दशकांमधला. १९६१ साली अहर्न वारले, त्यानंतर त्यांची मॅडर व्हॅलीही याच संग्रहालयात सुखरूप येऊन पोहोचली. रॉय इंग्लंड १९९५ साली वारले. काम मात्र त्यांच्यामागे चालू राहिले.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या घरांचे छप्पर गेले म्हणून हा कारागीर हळहळला, त्या घरांत राहणाऱ्यांनी ते का काढले? गवती छप्पर ठरावीक वर्षांनी नवे करावे लागते व त्यास पैसा लागतो. दोन महायुद्धांमधल्या काळात इंग्लंडातील शेती मंदीत होती; शेतमजुराची मिळकत तुटपुंजी, घरात ओल, नळ नाही. पत्रा त्यास कुरूप वाटला नसेल. तो त्यास कोरडा वाटला असेल. कोकणात गवताच्या जागी मंगळुरी कौले आली आणि कौलांच्या जागी पत्रे आले, तेव्हा तेथील कुटुंबानेही असाच विचार केला. पुठ्ठ्याच्या घरास ओल येत नाही. म्हणून ते खऱ्या घराहून नेहमीच थोडे अधिक सुंदर असते. प्रतिकृती पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट याहून मार्मिक आहे. प्रत्येक खोऱ्याची घरे पूर्वी वेगळी दिसत, कारण जड सामान दूर नेणे परवडत नसे. जवळ जो दगड, जी माती, जे गवत मिळे, त्याचेच घर होई. रेल्वे आली आणि वेल्सची पाटीच्या दगडाची फरशी व कारखान्यांतील विटा देशभर स्वस्तात पोहोचू लागल्या. म्हणजे ज्या आगगाडीच्या प्रेमाने रॉय इंग्लंड सातासमुद्रापलीकडून आले, ती आगगाडीच त्या खेड्यांचे वेगळेपण पुसणाऱ्या कारणांपैकी एक होती. पुढे काळाने तिलाही सोडले नाही. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वे सरकारी मालकीच्या झाल्या आणि ग्रेट वेस्टर्न ही जुनी कंपनी लयास गेली. काही वर्षांत वाफेची इंजिनेही नित्याच्या वाहतुकीतून गेली. पेंडनच्या मेजावर आता दोघेही शेजारी आहेत: जाणारे खेडे आणि त्यास नेणारी गाडी. दोघेही सारख्याच काळजीने मोजलेले आणि रंगविलेले.

म्हणून या छंदाच्या इतिहासात गाडीपेक्षा तिच्या भोवतालच्या भुशाच्या गवतास आणि बोटाच्या पेराएवढ्या माणसांस अधिक महत्त्व आहे. मोठ्या इमारती, राजवाडे आणि पूल यांचे नकाशे सरकारदरबारी राहतात. शेतमजुराच्या परसातील कोबीच्या वाफ्याचा नकाशा कोणी ठेवीत नाही. त्याच्या भिंतीतील विटेचा रंग कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसतो. गाडी खरी वाटावी एवढ्यासाठी कोणी तरी ती भिंत जवळ जाऊन पाहिली, आणि त्या पाहण्यामुळे ती उरली. ज्याच्या घरी जुने घर, जुना वाडा अथवा जुने दुकान अद्याप उभे आहे, त्यास निदान एक फूटपट्टी व एक वही घेऊन बसण्यास कोणाची परवानगी लागत नाही.