विज्ञानलेखनाची भाषा : परिभाषेकडून वाक्यरचनेकडे
(मुंबई व उपनगरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप)

प्रस्तावना :
मुंबईच्या उपनगरांत पूर्णतः मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतो, तेव्हा त्याला प्रयोगवही प्रथमच इंग्रजीत लिहावी लागते. त्याची अडचण बहुधा 'इंग्रजी शब्द ठाऊक नाहीत' अशी सांगितली जाते. विज्ञानभाषेचा आपला विचार दीर्घकाळ मुख्यतः शब्दाभोवती फिरत राहिला व वाक्यरचना उपेक्षित राहिली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

माध्यमाचा वाद :
मुंबईत आधुनिक तांत्रिक शिक्षणाचा आरंभ देशी भाषांतून झाला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२३ च्या सुमारास सुरू केलेल्या अभियांत्रिकी वर्गात मराठी व गुजराती भाषांतून शिकवले जाई. त्यासाठी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताचे ग्रंथ मराठीत आणले गेले. पुढे शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी यांनी उच्च शिक्षणासाठी इंग्रजीचा, तर जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांचा पक्ष घेतला. १८४५ मध्ये सुरू झालेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ यांमुळे उच्च विज्ञानशिक्षणात इंग्रजी स्थिरावली.

परिभाषानिर्मिती :
विसाव्या शतकात मराठीच्या पुरस्कर्त्यांनी परिभाषेचे मोठे कार्य केले. दाते-कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विविध विषयांचे कोश सिद्ध केले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे चुनाभट्टी येथे विज्ञान भवन उभारणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञान सामान्य वाचकांपर्यंत नेले. दुसरीकडे, १९५८ मध्ये सुरू झालेल्या व पवई येथे स्थिरावलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे अध्यापन इंग्रजीतूनच होत राहिले. परिणामी मराठी विद्यार्थी 'बल', 'कार्य', 'ऊर्जा' हे शब्द शाळेत शिकला आणि त्यांचे इंग्रजी पर्याय महाविद्यालयात. या पर्यायांच्या याद्या उपलब्ध होत्या. त्या शब्दांची वाक्ये कशी करावीत, याचे मार्गदर्शन मात्र क्वचितच मिळे.

वाक्याचा प्रश्न :
याकडे लक्ष वेधण्याचे महत्त्वाचे श्रेय १९७४ मध्ये स्थापन झालेल्या व नंतर मानखुर्द येथे स्थलांतरित झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे जाते. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकांच्या भाषेचा अभ्यास केला. पुस्तकी भाषा हाच विज्ञान समजण्यातील अडसर ठरतो व ती सुलभ केल्यास आकलन सुधारते, हे त्यांनी दाखवून दिले. येथे विषय मराठी भाषेचा होता. म्हणजेच मातृभाषेतून शिकवले की भाषेचा प्रश्न आपोआप सुटतो, असे नाही.

हीच गोष्ट इंग्रजी लेखनात अधिक ठळकपणे दिसते. 'द्रावण तापवले' हे मराठी वाक्य घ्यावे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्ता गाळला तरी क्रियापद कर्माप्रमाणे चालते व वाक्य पूर्ण राहते. इंग्रजीत मात्र 'द सोल्यूशन वॉज हीटेड' अशी कर्मणी रचना करावी लागते. विद्यार्थी 'सोल्यूशन हीटेड' असे लिहितो तेव्हा त्याला दोन्ही शब्द येत असतात. 'वॉज' गळल्यामुळे द्रावण आपोआप तापले, असाही अर्थ निघू शकतो. तसेच 'अ सोल्यूशन' म्हणजे कोणतेही एक द्रावण आणि 'द सोल्यूशन' म्हणजे आधी उल्लेखिलेले द्रावण. मराठीत हा भेद 'एक', 'ते' किंवा संदर्भ यांनी होतो, म्हणून उपपदाचे महत्त्व विद्यार्थ्याच्या ध्यानी येत नाही. प्रयोगाच्या वर्णनात मात्र कोणते द्रावण वापरले हाच कळीचा मुद्दा असतो.

निष्कर्ष :
जर्व्हिस-पेरी वादात 'कोणती भाषा' हा प्रश्न होता, कोशकारांपुढे 'कोणता शब्द' हा होता. 'कोणते वाक्य' हा तिसरा प्रश्न वर्गात अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाही. अकरावीच्या आरंभी प्रयोगवहीतील दहा-बारा नेहमीच्या वाक्यांची मराठी व इंग्रजी रचना शेजारी ठेवून शिकवली, तर त्यासाठी नव्या ग्रंथाची वा निधीची आवश्यकता नाही. तसे न केल्यास विषय समजलेला विद्यार्थीही केवळ लेखनामुळे मागे पडतो आणि त्याचा दोष मात्र मराठी माध्यमाच्या माथी मारला जातो.