नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (१९२१–१९४४)

रोमच्या यात्रेला जाणारे आमचे अनेक वाचक संत बेनेडिक्ट यांचा मोंते कासिनो येथील मठ पाहून येतात. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेला हा मठ युद्धानंतर पुन्हा उभारण्यात आला. त्या डोंगराच्या पायथ्याशी राष्ट्रकुलाची युद्धदफनभूमी आहे, तेथे मात्र फारसे कोणी थांबत नाही. ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथील हिरव्या संगमरवरी शिळांवर कोरलेली आहेत. त्यांपैकी एक नाव आपल्या कोकणातील शेतकरी मुलखाचे आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव-आंबेगव्हाण येथे झाला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक या हुद्द्यापर्यंत पोहोचले. ही पलटण दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत लढत होती.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडगे यांच्या तुकडीतील इतर सर्व जवान ठार वा जखमी झाले. एकटे घाडगे उरले. क्षणाचाही विलंब न लावता ते मशीनगनच्या रोखाने धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी तोफ व तोफची निकामी केले, टॉमीगनने आणखी एकास टिपले. मॅगझीन बदलण्यास उसंत नव्हती, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना संपवले. एवढ्यात दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. जिंकलेल्या त्याच खंदकात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२.

व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा २ नोव्हेंबर १९४४ च्या तारखेने झाली. तो आपला मृतांच्या स्मरणाचा दिवस, हा योगायोग आम्हांला सहज विसरता येत नाही. १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते हे पदक त्यांच्या वीरपत्नीने स्वीकारले.

इटलीच्या मोहिमेत देण्यात आलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांना मिळाले, आणि ५,७८२ भारतीय सैनिक तेथे कामी आले. नाशिककरांना या यादीतील आणखी एक नाव जवळचे वाटावे. संगमनेर तालुक्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी हाच सन्मान मिळवला. ते मात्र सुखरूप परतले व १९८४ साली निवर्तले. घाडगे यांची पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली.

माणगावच्या तहसील कचेरीसमोर घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीत त्यांच्या नावाचे स्मारक व्हायला मात्र जवळजवळ ८० वर्षे लागली. जुलै २०२३ मध्ये पेरुज्याजवळील मोंतोने या लहानशा गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे.